दादाच्या कम्प्युटरचा पंखा

दादा गेल्यावर पुन्हा घरी यायला लागला तो उन्हाळ्यात, भर दुपारी. असं आई मानायची, आणि खोटं कशाला बोलू, काही दिवस मीही मानत होते. जिवंतपणी त्याची वेळ ठरलेली होती. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की साडेतीनच्या सुमाराला तो सिडकोतल्या आमच्या घरी यायचा. फाटकाची कडी वाजायची, मोटारसायकल ओट्याला टेकायची, आणि पायातले बूट निघायच्या आधी "आई, भूक" अशी हाक यायची. तो गेला तशी ती कडी गप्प झाली. आणि मग त्याच वेळेला, घरात वीज असताना, डोक्यावर पंखा फिरत असताना, त्याचा कम्प्युटर तेवढा आपोआप बंद पडायला लागला. आज शहराचं नाव बदललं, आमच्या कॉलनीत चारमजली इमारती झाल्या, मी स्वतः चाळिशी ओलांडली, तरी दुपारी एखादं यंत्र अचानक थांबलं की माझी मान अजून फाटकाकडं वळते.

त्याचा कम्प्युटर म्हणते, पण त्यानं तो चालू झालेला पाहिलाच नाही. तयार कम्प्युटर घेणं त्याला मान्य नव्हतं. एकेक भाग निवडून आणायचा आणि सगळे आले की स्वतःच्या हातानं जोडायचे, असा त्याचा हट्ट. अधूनमधून एक खोकं घरी यायचं आणि त्याच्या पलंगाखाली सरकायचं. आधी कॅबिनेट, मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर. जेवणं सगळी त्या खोक्यांवरच्या भाषणात व्हायची. आई येसराची आमटी वाढत असायची, अण्णा, म्हणजे आमचे वडील, भाकरी कुस्करत असायचे, आणि दादा प्रोसेसर किती तापतो ते सांगत असायचा. त्याच्या डोक्यावर म्हणे धातूच्या पात्यांचा एक ठोकळा बसवायचा आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळ्यानं उष्णता ओढून घ्यायची, पंख्यानं ती उडवून लावायची. असा एक ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रोसेसरच्या खोक्यातच आला होता. पण दादानं कुठल्याशा मासिकात तांब्याचा पाहिला आणि गाडं तिथंच अडलं. आज तांब्याचा, उद्या खोक्यातला, परवा पुन्हा तांब्याचा. आई तांब्याच्या बाजूची. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पिणाऱ्या बाईला ॲल्युमिनियम कसं पटावं? अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून, बोलण्यात फार काटकसरी. ते एवढंच म्हणायचे, "आलंय ते लाव ना." त्या एका पंख्यावरून आमच्याकडं जेवढा खल झाला तेवढा लोक सोयरीक जुळवतानाही करत नाहीत. मी तेव्हा पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते. मला दोन्ही सारखेच वाटायचे आणि मी दोघांच्या मधे बसून मुकाट जेवायचे.

दादा पाचोडला मित्राच्या लग्नाला म्हणून गेला आणि परतीच्या रस्त्यावर ट्रकखाली आला. ह्यावर मी याहून जास्त लिहिणार नाही.

दहावा पैठणला झाला. बायकांनी घाटावर जायचं नाही, त्यामुळं तिथं काय घडलं ते आम्हाला मामांच्या तोंडून कळलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, लासूर स्टेशनला मक्याची नि कांद्याची अडत होती त्यांची. घाटावरून परत आले ते ओट्यावर टेकले, चूळ भरली आणि सांगायला लागले. "आक्का, पिंड ठेवला पन कावळा शिवंना. झाडावर बसलेले, खाली बी यायचे, पन शिवंनात. मी म्हनलं, किशोर, तुज्या आईला अंतर देनार नाय. नाय शिवला. म्हनलं, विजीचं लगीन चांगल्या घरी करून देऊ. तरी नाय. सगळे ताटकळले. मग माज्या मनात आलं, म्हनलं, तुजा कम्प्युटर जोडून चालू करू रे बाबा, तुज्या मनासारखा. तोंडातनं शब्द निघाला अन् आला की कावळा झपकन!" आई पदर तोंडात धरून ऐकत होती. तिनं फक्त विचारलं, "मनासारखा म्हनलास ना?" मामा म्हणाले, "व्हय, मनासारखा." माझ्या लग्नात कावळ्याला काडीचा रस नव्हता, हे मला तशातही जाणवलं, पण ते बोलून दाखवायचं ते घर नव्हतं. शब्द मामांनी दिला आणि ते संध्याकाळच्या गाडीनं लासूरला निघून गेले. पाळायचा मी.

खोकी पलंगाखालून काढायला कितीतरी दिवस गेले. आई त्या खोलीत केर काढायची तो पलंगाच्या कडेपर्यंतच. पण वर्षश्राद्धाच्या आत शब्द पुरा व्हायला हवा, असं तिनंच एक दिवस ठरवलं. बाकी सगळं तयार होतं. अडत होतं ते एकाच जागी. तांब्याचा की खोक्यातला? मेलेल्या माणसाचं मन कुणी आणि कसं ओळखायचं? आई म्हणायची, "शेवटच्या आठवड्यात तांब्याचं म्हनत व्हता." अण्णा म्हणायचे, "मला म्हणाला, राहू द्या, आलाय तोच लावतो." दोघं एरवी कधी भांडायचे नाहीत. त्या पंख्यावरून मात्र दोन दिवस अबोला झाला, आणि मला कळत होतं की हे भांडण धातूचं नाही. तो शेवटचं खरं कुणाशी बोलला, ह्याचं होतं.

मी क्रांती चौकाजवळच्या दुकानात जाऊन तांब्याच्या ठोकळ्याची चौकशी केली. दुकानदार एका हातात चहाची कपबशी आणि दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन म्हणाला, "तांबे का यहाँ कौन लेता बेटा, बाहर से मंगाना पडता. अपने यहाँ लोगां बाजू का पत्रा खोल के टेबल फॅन लगा लेते." मग त्यानं मला लाल दिवा लागणारा एक पंखा काढून दाखवला. "ये ले जाओ, लाल लाइट मारता." लाल दिव्यानं काय होतं, असं विचारलं तर म्हणाला, "अच्छा दिखता." मी तांब्याचा मागवायला सांगून घरी आले. पण तो यायला किती दिवस लागतील ते त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि श्राद्धाची तिथी थांबणार नव्हती. शेवटी सध्या खोक्यातलाच बसवायचा असं ठरलं.  पण आईच्या मनातून तो ठोकळा तेव्हाच उतरला होता.

जोडणी एका सकाळी केली. दादाच्या खोलीत सतरंजी अंथरली, खोकी मांडली. मी पहिला स्क्रू घेतला तेवढ्यात आई आरतीचं तबक घेऊन आत आली. आमच्याकडं कोरी वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नाही. मिक्सर असो, सायकल असो, नवी विळी असो. वर्षाच्या आतलं घर, सणवार सगळे बंद, तरी एवढं तिनं करायचं ठरवलं होतं. कॅबिनेटला हळद-कुंकू लागलं, मदरबोर्डच्या कोपऱ्याला लागलं. प्रोसेसरशी ती थबकली. तो चकचकीत चौकोन मी नुकताच त्याच्या जागी बसवला होता. "हेच डोकं ना रं त्याचं?" तिनं विचारलं. मला 'रं' म्हणाली ती, दादाशी बोलायची तसं. मग ओलं कुंकू अनामिकेवर घेऊन तिनं त्या चौकोनावर टेकवलं, वर अक्षता दाबल्या, आणि दिवा ओवाळला. दर भाऊबीजेला मी दादाला ओवाळायच्या आधी ती त्याला अशीच ओवाळायची. माझ्या डोळ्यांना काही दिसेना झालं. ती बाहेर गेल्यावर मी अक्षता फुंकून उडवल्या. कुंकू पुसायला हवं हे मला कळत होतं. पण ज्या घरातला मुलगा गेलाय त्या घरात आईनं लावलेलं कुंकू पुसायचं? माझा हात धजावला नाही. एवढ्याशा कुंकवानं काय होतंय, असं म्हणून मी त्याच्यावरच ठोकळा बसवला आणि तो धरून ठेवणारे खटके दाबले. एक खटका जरा जड गेला. यंत्र चालू झालं, पडदा उजळला, अण्णा दारात उभं राहून बघत होते ते पाठ फिरवून अंगणात गेले.

सकाळी मी कॉलेजात असायचे. कम्प्युटरवर बसायची ती दुपारीच. एका आर्किटेक्टनं मला घराचे नकाशे काढून दाखवायला सांगितले होते. जमले तर तिथं नोकरी, नाही जमले तर मामांनी लासूरकडचं एक स्थळ बघून ठेवलंच होतं, मुलाचं खताचं दुकान होतं. त्यामुळं त्या नकाशांवर माझा जीव टांगलेला. पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी जिन्याच्या पायऱ्या काढत होते. टक् असा बारीक आवाज झाला, पडदा काळा झाला, आतला पंखा हळूहळू मंदावत थांबला. वीज गेली म्हणून वर बघितलं तर छताचा पंखा फिरतोय. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडलेला, चिटपाखरू नाही. दारात आई उभी. तिची नजर माझ्याकडं नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडं होती. "पाळी सुटली त्याची," ती म्हणाली, "आला."  मी बटण दाबत राहिले, पण तासभर यंत्र ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही त्याच सुमाराला. मला ठाऊक होतं की आमच्याकडं ऊन सर्वात जास्त तापतं ते त्याच वेळेला. ठाऊक असणं वेगळं. त्या खोलीत, त्या शांततेत, आईच्या शेजारी बसून घड्याळाचा काटा तिथं जाताना बघणं वेगळं.

पहिले काही दिवस आई घाबरली. "मनासारखा नाय झाला म्हनून बंद करतोय त्यो," असं ती पुटपुटायची. पण आठवड्याभरात भीती गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं. तीन वाजले की ती तांदूळ निवडायचं ताट घेऊन दादाच्या खोलीत येऊन बसायची. यंत्र थांबलं की बोलायला लागायची. शेजारच्या मुलीला मुलगा झाला, अण्णांचा गुडघा दुखतो, यंदा कैऱ्या कमी लागल्या. मोठ्यानं नाही, कुणी समोर बसलेलं असावं तेवढ्याच आवाजात. आणि ती जेवायला लागली. दादा गेल्यापासून तिचं जेवण म्हणजे ताकभाताचे दोन घास होते. आता ती त्याच्या वेळेला धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसायची आणि बोलता बोलता पूर्ण संपवायची. तिच्या हाडांवर पुन्हा मांस धरायला लागलं. अण्णा ते बघत होते. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "चाललंय ते चालू दे." पण माझे नकाशे बुडत होते. त्या वयात मला दोन्ही एकदम वाटायचं. हिचा भास मोडू नये, आणि ह्या बाईनं माझ्याकडंही एकदा बघावं.

मी काय काय केलं! कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडला. मग अण्णांना सुचलं म्हणून एका रविवारी घरातला एकुलता पाण्याचा कूलर ओढून त्याच्यासमोर लावला. आम्ही तिघं घामानं निथळतोय आणि यंत्र वाळ्याच्या वाऱ्यात बसलंय, असा देखावा. त्या दिवशी ते पाच वाजेपर्यंत चाललं खरं, पण कीबोर्ड दमट झाला, आणि आईनं मधेच उठून कूलरचं तोंड फिरवलं. "येऊ बी देईनात लेकराला," ती म्हणाली. त्या वाक्याचा मला राग आला. मी पण लेकरूच होते.

असं चाललेलं असताना तांब्याचा ठोकळा दुकानात आला. मी तो घरी आणला. हातात घेतला तर चांगलाच जड, देवघरातल्या भांड्यांसारखा रंग. वाटलं, आई हरखेल. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला. "आज नको. आज शनिवार हाय." रविवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. सोमवारी अमावास्या निघाली. इतके दिवस तांब्याचा, तांब्याचा म्हणून जपणारी माझी आई आता कॅलेंडरपुढं उभी राहून अडचणी शोधत होती, आणि मला सगळं समजलं. मनासारखा झाला की तो परत कशाला येईल? तिचा सगळा जीव आता त्याच्या नाराजीवर होता.

आर्किटेक्टनं दिलेली मुदत संपत आली तेव्हा मी एका सकाळी सतरंजी अंथरली. आई समोर येऊन बसली. अडवलं नाही, पण मदतही केली नाही. मी खटके सोडवले, जुना ठोकळा हलवून उचलला. खाली कुंकू होतं. तापून तापून काळपट लाल झालेलं, कडेला वाळून पापुद्रा धरलेला. आणि एका कोपऱ्यात, धातूला चिकटून, एक तांदळाचा दाणा. चेपलेला, अर्धवट पिठूळ झालेला, पण दाणाच. मी फुंकर मारली तेव्हा सगळे उडाले आणि हा एक ओल्या कुंकवात रुतून राहिला होता. त्याच्यामुळं ठोकळा एका बाजूनं उचललेला होता आणि प्रोसेसरला पुरता टेकलाच नव्हता. मी काही बोलायच्या आधी आईनं वाकून बघितलं.

"ही माझी अक्षता हाय."

"हो."

"हिच्यापायी बंद पडायचा?"

मला खोटं सांगता आलं असतं. सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. "ठोकळा नीट बसत नव्हता, आई. उष्णता जायला वाट नव्हती. दुपारी ऊन वाढलं की जास्त तापायचा, आणि जळू नये म्हणून आपला आपण बंद व्हायचा."

ती दाण्याकडं बघत राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. "म्हंजे तो नव्हताच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मीच व्हते." तिच्या आवाजात रडू नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी फडकं घेतलं तसा तिनं माझा हात धरला. "तू नको पुसू. मी लावलंय, मीच पुसते." पदराचं टोक ओलं करून ती त्या चौकोनावरून फिरवत राहिली, अगदी हळू, तापातल्या पोराचं कपाळ पुसावं तसं. लाल रंग पदरावर येत गेला. चौकोन पुन्हा आरशासारखा झाला. मी त्यावर उष्णता वर पोचवणारा ट्यूबमधला पांढरा लेप लावला आणि तांब्याचा ठोकळा बसवला. खटके ह्या वेळी सहज लागले.

माझ्या ऑफिसातली पोरं आता पाण्याच्या नळ्या फिरवलेले, रंगीत दिवे लागणारे कम्प्युटर जोडतात आणि प्रोसेसर किती अंशावर आहे ते पडद्यावर बघत बसतात. कुठला कूलर घ्यावा यावर त्यांचे तासन्‌तास वाद होतात. मला विचारतात, मॅडम, तुम्ही काय घ्याल? मी म्हणते, जो घ्याल तो नीट टेकवा.

त्या दुपारी आई नेहमीसारखी ताट घेऊन येऊन बसली. मी नकाशा काढत होते. तीन वाजले. काटा पुढं सरकला. ऊन खिडकीतून माझ्या पायांवर आलं आणि पायांवरून भिंतीकडं गेलं. आतला पंखा एका सुरात फिरत होता. आईचा हात तांदळात तसाच थांबलेला. साडेतीन झाले, चार झाले. पडदा उजळच राहिला. रस्त्यावर खेळायला उतरलेल्या पोरांचा गलका उठला आणि ओसरला. तेव्हा ती बोलली.

"विजे, तो जुना परत बसवता येतो का गं?"

मी माऊसवरचा हात काढला. "येतो."

 तिनं ताट बाजूला सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. "टाकून देऊ नको मग. ठेव नीट कुठंतरी." दारापर्यंत गेली आणि वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पडद्यावर काय आहे ते बघितलं. "घर काढलंस व्हय? काढ. तुजं काम अडलं असंल." आणि चहा टाकायला गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. नकाशा वाचला होता, नोकरी हाताशी आली होती, लासूरचं स्थळ टळलं होतं. पण मला पुढची रेघ ओढता येईना. मी त्या पडद्याकडं बघत बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी कान देऊन ऐकतेय, टक् असा आवाज होतो का म्हणून. आईवर चिडत होते, नकाशे बुडाले म्हणून तळमळत होते, आणि त्याच वेळी रोज मीही त्याची वाट बघत होते. स्वयंपाकघरातून आईनं दोनदा हाक मारली, चहा निवतोय म्हणून. मी उठले नाही. अण्णा कचेरीतून आले, दिवेलागण झाली, तरी यंत्र चालूच होतं. तेव्हा कुठं मला दादा गेल्याचं कळलं.